सिस्टरबाईंचे पुढचे शिक्षण
(रात्रीच्या वाचनवर्गात दिलेले भाषण)



मी अडतीस वर्षे मास्तरकी केली. दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या. आज माझी स्वतःची एक चूक तुम्हाला सांगतो.

आपल्या उपकेंद्रात एक बाई असतात. त्या बाळांना लस टोचतात. गरोदर बायांची तपासणी करतात. आपण त्यांना सिस्टर म्हणतो. सरकारी कागदात त्यांना आरोग्य सेविका म्हणतात. त्यांच्या शिक्षणाचे नाव ए.एन.एम. आज ते दोन वर्षांचे आहे.

मोठ्या दवाखान्यातल्या नर्सचे शिक्षण याहून अधिक असते. त्याला जी.एन.एम. म्हणतात. ते तीन वर्षांचे आहे. ऑपरेशनचा रोगी, अत्यवस्थ रोगी, आजारी मूल, मनाचा आजार, या सगळ्यांची शुश्रूषा त्यात शिकवतात. दोघींचीही नावे महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदतात. पण नोंदणी निराळी, आणि कामही निराळे.

आता माझी गोष्ट ऐका. फुलंब्री तालुक्यातल्या एका गावी माझी एक विद्यार्थिनी अशीच सिस्टर होती. दहावी झाली, ए.एन.एम. झाली, लग्न झाले, दोन मुले झाली. नोकरी कंत्राटी होती. कामाला मात्र ती चोख होती.

एका रात्री एक बाई बाळंत झाली आणि रक्त थांबेना. हिने येत होते तेवढे सगळे केले. 108 नंबरला फोन लावून गाडी बोलावली. बाळंतिणीबरोबर ती स्वतः घाटीच्या दवाखान्यात गेली. घाटी म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरचा मोठा सरकारी दवाखाना.  रोग्याला आत नेले, आणि ही दाराबाहेर राहिली. बाळंतीण वाचली. पण ते दार हिच्या मनातून जाईना.

ती माझ्याकडे आली. म्हणाली, “गुरुजी, दाराच्या आतलं काम मला यायला पाहिजे. मी जी.एन.एम. करू का?”

मी विचारले, “वय किती तुझं?”

“अडतीस.”

मी म्हणालो, “अगं, आता कुठं शिकतेस? पस्तिशीनंतर घेत नाहीत. आहे ती नोकरी सांभाळ.”

ती मान खाली घालून गेली. मी तरी काय केले? कुठेतरी ऐकलेले तिला सांगितले. कागद उघडून पाहिला नाही.

आठ दिवसांनी ती परत आली. हातात छापील नियम होता, भारतीय परिचर्या परिषदेचा. त्यातली एक ओळ तिने बोट ठेवून मला वाचून दाखवली. जी.एन.एम.च्या प्रवेशाला वयाची हद्द पस्तीस वर्षे आहे. पण नोंदणी झालेल्या ए.एन.एम. बाईला वयाची अट नाही. शिवाय ए.एन.एम. झालेली बाई या शिक्षणाला पात्र धरली आहे.

मंडळी, मला घाम फुटला. माझे अर्धे वाक्य खरे होते. पण तिच्या कामाचे होते ते उरलेले अर्धे. तिने माझ्यावर विश्वास ठेवला असता, तर तिची वाट मीच बंद केली असती.

नियम सापडला म्हणून सगळे सोपे झाले असे नाही. नोकरी सोडावी लागली. तीन वर्षे तिचा पगार बंद. घरी कोरडवाहू कपाशी. नवरा आधी गप्प राहिला. मग म्हणाला, “पैशाचं बघू.” सासूबाई म्हणाल्या, “पोरं मी सांभाळते. तू जा.” लोक बोलले. पुस्तके इंग्रजी होती. मी मॅट्रिक झालेला माणूस. सुट्टीला ती घरी आली की रोज संध्याकाळी एक पान तिच्याबरोबर वाचायचो. पुष्कळ शब्द मलाही येत नव्हते. मग दोघे मिळून कोश उघडायचो.

पहिल्या वर्षी तिचा एक विषय राहिला. ती रडली. पुन्हा बसली आणि पास झाली. आज ती नोंदणी झालेली नर्स आहे. एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते. दाराच्या आत. पुढे दोन वर्षांची बी.एस्सी. नर्सिंगही करता येते. तिचा तो विचार आहे. या वेळी तिने मला विचारले नाही. आधी नियम वाचला!

मोठेपणी शिकणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. रमाबाई रानडे लग्नानंतर अक्षरे शिकल्या. घरातल्या बायांनी त्यांना टोचून खाल्ले. त्यांनी पाटी सोडली नाही. 1909 साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. तिथे मोठ्या वयाच्या बायका आणि विधवा शिकायला येत. त्यांच्यातल्या काही नर्स झाल्या.

तेव्हा घरात एखादी लेक किंवा सून ए.एन.एम. असेल, तर तिला सांगा की वाट पुढे जाते. तिची नोंदणी चालू आहे ना, ते पाहा. प्रवेशाचे नियम बदलतात. म्हणून त्या वर्षीचे पत्रक मागून घ्या. संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, ते पैसे भरण्याआधी विचारा. आणि तिची पोरे कोण सांभाळणार, हे घरात बसून ठरवा. नुसत्या शाबासकीवर तीन वर्षे निघत नाहीत.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. तुम्ही आता वाचायला शिकलात. तेव्हा “नियमात बसत नाही” असे कोणी म्हणाले, तर म्हणा, “नियम दाखवा.” मग तो स्वतः वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत. सांगणारा तुमचा गुरुजी असला तरी.