यंत्र कोणाचे, किल्ली कोणाची?



कामगारांच्या कार्यकर्त्याने डिजिटल सिनेमाच्या कंपन्यांच्या वाढीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण कंपनी कशी वाढते हे ज्याला उमगले नाही, त्याने तिच्याकडे मागणी तरी कशाच्या जोरावर करावी?

चित्रपटाची एक प्रिंट काढायला ५०-६० हजार रुपये पडत. म्हणून नवा चित्रपट आधी शहरात लागे आणि तालुक्याला येईतो रिळांवर ओरखडे उठलेले असत. ही अडचण हेच मुंबईच्या यूएफओ मूव्हीज आणि चेन्नईच्या क्यूब या कंपन्यांचे खरे भांडवल. त्यांनी प्रोजेक्टर व सर्व्हर चित्रपटगृहांत भाड्यानेही बसवून दिले. चित्रपट उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवरून कुलूपबंद पाठवायचा आणि ते कुलूप उघडणारी सांकेतिक किल्ली आपल्या हाती ठेवायची. निर्मात्याकडून आकार, थिएटरमालकाकडून भाडे आणि जाहिरातदाराकडून तिसरे उत्पन्न! एकदा यंत्र बसले की दर शुक्रवारी गल्ला चालू.

हॉलिवुडमध्ये हा आकार निघाला तो प्रिंटच्या वाचलेल्या खर्चातून यंत्राची किंमत फेडण्यासाठी. फेड झाली की तो थांबायचा होता. आपल्याकडे तो लांबत गेला. अखेर मार्च २०१८ मध्ये दक्षिणेतील निर्मात्यांनी नवे चित्रपट लावणेच बंद केले. तमिळनाडूत हा संप दीड महिन्यावर चालला. म्हणजे संप काही आम्हीच करतो असे नाही! पुढे २०२५ साली स्पर्धा आयोगाने, भाड्याच्या यंत्रावर इतरांकडून तयार झालेला चित्रपट लावू न देणाऱ्या करारांबद्दल, या दोन्ही कंपन्यांना दंड केला.

ही सारी भांडणे धन्याधन्यांतली. ऑपरेटरचे काय? माझ्या ओळखीच्या एकाने उभी हयात त्या कोंदट खोलीत काढली. वीसेक मिनिटांचे रीळ; पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरे यंत्र चालू करायचे. प्रेक्षकाला सांधा कळता कामा नये, हे त्याचे कसब. नवे यंत्र आले त्याच आठवड्यात मालकाने त्याला दारावर तिकिटे फाडायला उभे केले.

कंपनीने वाढू नये असे मी म्हणत नाही. तालुक्याच्या माणसाला पहिल्याच शुक्रवारी स्वच्छ चित्र दिसले, हा मोठाच लाभ आहे. माझे म्हणणे एवढेच : यंत्राचा पैसा कधी फिटेल ती तारीख करारात लिहा, आणि तिच्याच खाली जुन्या ऑपरेटरला नवे यंत्र शिकवण्याचे कलमही लिहा. किल्ली कंपनीकडे राहील तर राहो. पण तिच्या वाढीत या माणसाचा हात सुटता कामा नये.