एक 'आय' जास्त



मला आयटीतल्या अनुभवांवर बोलायला सांगितलं होतं. पण तुमच्यातले निम्मे जण तेच काम करतात, त्यामुळे ते राहू दे. मी एका अक्षराबद्दल बोलणार आहे.

मी मूळची वेल्ह्याकडची, शाळेसाठी भोरला मावशीकडे राहायचे. अण्णा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत कामगार. शनिवारी एसटीने घरी यायचे. दहावीत शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना वडिलांच्या नोकरीच्या रकान्यासाठी त्यांनी ओळखपत्र पुढे केलं. त्यावर छापलं होतं 'इंडियन ऑर्डनन्स फॅक्टरीज'. स्पेलिंग ओ-आर-डी-एन. डीनंतर आय नाहीच!

"अण्णा, तुमच्या कार्डावर चूक आहे."

"आहे तसं उतरव," ते म्हणाले.

मी शब्दकोश काढला. आय असलेला शब्द सापडला आणि मी जिंकले. अर्थ मात्र वाचला नाही. अर्थ होता वटहुकूम! म्हणजे अण्णांना मी वटहुकूम तयार करणाऱ्या कारखान्यात कामाला लावलं होतं.

फॅक्टरीचा दाखला आणि फॉर्म जुळेना, म्हणून फॉर्म परत आला. दुरुस्त करून पाठवेपर्यंत मुदत संपली. शिष्यवृत्ती गेली. पुढच्या वर्षाची फी अण्णांनी ओव्हरटाइम करून भरली आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर ऑर्डनन्स म्हणजे शस्त्रसामग्री. राजगडाच्या पद्मावती माचीवर आपण सहलीला गेलो की दारूकोठार बघायचो, आठवतं? त्या कोठारात असायचा तो दारूगोळा, म्हणजे अ‍ॅम्युनिशन. बुरुजावरच्या तोफा आणि हा दारूगोळा मिळून जे होतं, ते ऑर्डनन्स. या अर्थानं त्याचं अनेकवचन करत नाहीत. शेवटी एस लावला की चुकलं. सरकारी भाषेत आपण 'आयुध निर्माणी' म्हणतो, तो शब्द अगदी नेमका आहे. आय असलेला ऑर्डिनन्स म्हणजे अध्यादेश. गंमत अशी की दोन्ही शब्द एकाच जुन्या फ्रेंच शब्दातून आले. त्याचा अर्थ व्यवस्था लावणं. एकाने तोफांची लावली, दुसऱ्याने कायद्याची.

माझ्या धंद्यात यावर उपाय नाही असं नाही, पण साधा स्पेलचेकर इथे गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. संरक्षण खात्याशी संबंधित एका कागदपत्रात मी हाच आय पकडला, तेव्हा टीममधल्या पोरांना वाटलं मॅडमचं इंग्रजी फार पक्कं आहे. मी काही बोलले नाही.

२०२१ साली केंद्र सरकारनं ४१ आयुध निर्माणी ७ कंपन्यांत विभागायचं ठरवलं. कामगार संघटनांनी बेमुदत संपाची हाक दिली. ३० जूनला सरकारनं संपावर बंदी घालता येईल असा अध्यादेश काढला आणि १ ऑक्टोबरपासून कंपन्या सुरू झाल्या. १८६९ सालची आपली खडकीची फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेली. तिचं मुख्यालय पुण्यातच आहे.

अण्णा तोवर निवृत्त झाले होते, पण त्या दिवसांत त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. जुन्या सोबत्यांनी पाठवलेला एक इंग्रजी मेसेज त्यांनी मला वाचायला दिला. संप रोखणाऱ्या अध्यादेशाची बातमी होती ती. एकाच ओळीत ऑर्डनन्सही होता आणि ऑर्डिनन्सही.

मी वाचून अर्थ सांगितला. अण्णांनी चष्मा लावला, दोन्ही शब्दांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बघ, तुझा आय शेवटी आमच्या फॅक्टरीत आलाच."