घोडा घ्यावा की नाही?



मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करायला सांगितले. बातमी गाड्यांची झाली. पण गाडी बंद झाली म्हणून घोड्याचे पोट बंद होत नाही. मग कुणीतरी एखाद्या छोट्या आश्रयस्थानाला फोन करतो : घोडा घेता का?

चारशे किलोच्या घोड्याला रोज साधारण ८ किलो सुका चारा लागतो, वर्षाला जवळजवळ तीन टन. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. दहा वर्षांचा घोडा घेणे म्हणजे पुढची पंधरा वर्षे पत्करणे. नालबंद, जंताचे औषध, धनुर्वाताची लस वेगळीच. म्हणून आधी आपली चाऱ्याची गंजी बघायची, मग घोडा.

बरगड्या दिसणारा घोडा पाहून पोटात तुटते. पण तो बऱ्याचदा सोपा रोगी असतो. दात घासले, जंत काढले, चारा बेताबेताने वाढवला, की काही महिन्यांत भरतो. (उपाशी घोड्यापुढे एकदम दाण्याची पाटी ठेवली तर जिवावर बेतते, आणि ती ठेवतात नेमकी दयाळू माणसे!) अंगाने गुटगुटीत, पण पुढचे पाय चोरून मागे रेलणारा घोडा मला जास्त घाबरवतो. खुरातले हाड फिरून तळव्याकडे उतरले असेल, तर पुढे बहुधा वेदनाच. पशुवैद्याने आशा सोडली असेल तर अशा घोड्याला शांतपणे मरण द्यावे. जागा अडवून कुढत ठेवण्यात दया नाही, असे माझे मत आहे.

आणि ग्लँडर्स! नाकातून घट्ट स्राव, कातडीवर फुटणाऱ्या गाठी. हा रोग माणसालाही होतो. तो झालेला घोडा सरकारला कळवावा लागतो आणि मारावा लागतो. हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात रक्ततपासणी होते. अहवाल येईपर्यंत नव्या घोड्याचे ठाण, बादली, खरारा सगळे वेगळे हवे. तेवढी सोय नसेल तर एका घोड्यापायी सगळी पागा धोक्यात येते. तिथे नाहीच म्हणावे.

तेव्हा फोन करणाऱ्यांना विनंती : ‘एक घोडा आहे, घेऊन जा’ एवढ्यावर थांबू नका. वय सांगा, तो चालताना मोबाइलवर टिपा, नाक वाहते का ते पाहा. आणि आश्रयस्थानात जागा होईपर्यंत सावली, पाणी नि चारा तुम्ही देऊ शकाल का, तेही सांगा.