सावद्याच्या रंगमंचावर ‘तृतीय रत्न’
(सावदा येथील भाषणाचा मजकूर)

हंगामाचे नाटक ठरविण्याची बैठक बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : लोक हसतील काय? प्रश्न अगदीच गैर नाही. परंतु केळीच्या बागेत दिवसभर राबलेल्या माणसाला हसण्यापलीकडचे काही झेपत नाही, असे गृहीत धरणे हा त्याचा अपमान होय. शेजारच्या फैजपुरास डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले, तेव्हा शेतसारा आणि कर्ज यांचाही खल तेथे झाला होता.

यंदा जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ घ्यावे. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ चे. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १८५५ साली, जोतीरावांनी देवादिकांना बाजूस सारून एक कुणबी व त्याची गरोदर बायको यांना नाटकाच्या केंद्रस्थानी आणले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. ही हकीकत जोतीरावांनीच ‘गुलामगिरी’त नमूद केली आहे. पुढे ते छापून यावयास १९७९ साल उजाडले!

जोशी त्या बाईला ग्रहांची भीती घालतो आणि ब्राह्मणभोजनापायी घरातला पैसा बाहेर जातो. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा हिशेब मांडताना सावकाराचे व्याज सारेच धरतात. भीतीपोटी होणारा हा खर्च मात्र कुणी धरीत नाही. जोतीरावांनी तो धरला. नाटकाच्या शेवटी ते जोडपे रात्रशाळेची वाट धरते.

प्रयोग अवघड आहे, हे खरे. भाषा जुनी, संवाद लांब, आणि विदूषक वरचेवर मध्ये पडतो. पण तोच प्रेक्षकांचा माणूस. त्याच्या तोंडी लेवा बोली घालण्यास हरकत नसावी. बाकीची संहिता मात्र तशीच ठेवावी. पाद्र्याचा भाग वादग्रस्त म्हणून गाळण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण वादाची धार तेथेच आहे.

खरी अडचण निराळीच आहे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तरी मुहूर्त आणि ग्रहशांती कार्यकर्त्यांच्याही घरांतून गेलेली नाही. आजचा जोशी कोणत्याही जातीचा असू शकतो. तेव्हा ती भूमिका शेंडी-जानव्याची थट्टा करून निभावू नये. त्याचे बोलणे गोड, आपुलकीचे, अगदी पटण्याजोगे वाटले पाहिजे. तालमीला बसण्यापूर्वी ते काम कोण करणार, एवढे आधी ठरवावे.