दाराशी आलेला हुंडेकरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी "घरपोच माल आणून देणारा कामगार" असे सांगितले. त्यांना तो पसंत पडला. मग मी हळूच पुस्ती जोडली की, माल म्हणजे वाईनच्या बाटल्या. त्यावर ते थोडा वेळ गप्प झाले. त्यांचे गप्प होणे मला समजते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ज्या व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तिच्या गावोगावच्या लेकीबाळींपैकी ही एक. तिच्या व्यासपीठावर द्राक्षाची का होईना, पण दारू आणून ठेवायची, हे काही सरळ काम नव्हे. आपण निर्धास्त असा. मी स्वतः घेत नाही, आणि कोणी घ्यावी म्हणून बोलायलाही उभा राहिलेलो नाही.

पण ही बाटली मी मुद्दाम निवडली आहे. वाणसामान उशिरा आले तर फार तर भाजी सुकते. बाटलीचे तसे नाही. ती फुटते, उन्हाने बिघडते, आणि कायद्याने ती वाटेल त्याच्या हातात देता येत नाही. म्हणून माल आणणाऱ्याचे जे हाल एरवी झाकलेले राहतात, ते या एका मालात उघडे पडतात.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण पोत्याखाली आणि वाचनालयात झाले. हमालांत, तोलाईवाल्यांत, ट्रकवरच्या माणसांत माझी हयात गेली. आपल्या पाचोऱ्याला मुख्य लाईनीचे स्टेशन, त्यात जामनेरची छोटी गाडी. ती २०२० साली बंद पडली, पण तिच्या काळी पार्सल म्हणजे काय हे इथल्या पोरासोरांना ठाऊक होते. बिल्टी घेऊन जायचे, सही करायची, माल सोडवून आणायचा. माल आपल्याकडे येत नसे, आपण मालाकडे जात असू. आज तो उंबऱ्यापर्यंत येतो, आणि त्याच्याबरोबर एक माणूसही येतो. मालाकडे आपण नीट पाहतो. माणसाकडे पाहायची सवय अजून लागायची आहे.

जुन्या लोकांना हुंडेकरी हा शब्द आठवत असेल. इतक्या रकमेत माल अमक्या गावी सुखरूप पोचवीन, वाटेतला जकात-खर्च माझा, नुकसान झाले तर तेही माझे, असा जो हुंडा ठरवी तो हुंडेकरी. गाडी हाकणारा गाडीवान त्याचा पगारी माणूस. बैल बुजला आणि मडके फुटले, तर व्यापारी हुंडेकऱ्याच्या पेढीवर जाई, गाडीवानाच्या झोपडीत जात नसे. भाडे ज्याने घेतले, जोखीम त्याची. इंग्रजी अमदानीत १८६५ साली वाहतूकदारांचा कायदा झाला, त्याच्या जागी २००७ साली रस्ता-वाहतुकीचा नवा कायदा आला. दोन्हींच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. माल हरवला वा मोडला तर जबाबदार तो वाहतूकदार, आणि त्याचा निष्काळजीपणा मालधन्याला सिद्ध करत बसावे लागत नाही.

हे मला पाठ होते. सभांतून मी ते सांगतही असे. तरी माझ्या हातून काय घडले ते आता सांगतो.

मार्च २०२० मध्ये मी नाशिकला मुलीकडे चार दिवसांसाठी गेलो आणि टाळेबंदीत अडकलो. आपल्या सरकारने त्या वर्षीच्या मे महिन्यात मद्य घरपोच देण्याची परवानगी दिली, हे आपल्याला आठवत असेल. दुकानांपुढच्या रांगा मोडाव्यात हा हेतू होता. जून अखेरीस जावयांचा वाढदिवस आला. नाशिक म्हणजे द्राक्षांचे आणि वाईनचे गाव. जावईबापूंनी दोन बाटल्या मागवल्या. सासरा घरात, म्हणून मला न कळवता मागवल्या, हे ओघाने आलेच. बेल वाजली तेव्हा ते आतल्या खोलीत ऑफिसच्या फोनवर होते आणि दार मी उघडले.

दारात एक विशीपंचविशीचा पोरगा. तोंडाला फडके, खांद्याला पिशवी, अंग घामाने निथळते. साथीमुळे लिफ्ट बंद होती, तो तिसऱ्या मजल्यावर चढून आला होता. मी हात पुढे केला. त्याने पिशवी मागे घेतली आणि विचारले, "काका, परवाना कोणाच्या नावावर आहे?"

मला ते लागले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आयुष्यात कधी थेंब न घेतलेला, आणि हा मला परवाना विचारतो! मी म्हणालो, "घर माझ्या मुलीचे आहे, पैसे भरलेले आहेत, ठेव ती पिशवी आणि जा." तो म्हणाला, "नाव तुमचं नाही, तुमच्या हाती देता येत नाही." मी आवाज चढवला. त्याच्या दुकानदाराचा नंबर मागितला, आणि उद्या कामावर राहतोस कसा ते बघतो, हेही बोलून गेलो. तीस वर्षे मुकादमांच्या तोंडून जे वाक्य ऐकले, ज्याच्याविरुद्ध मोर्चे काढले, ते माझ्याच तोंडून जसेच्या तसे बाहेर पडले. तेही मुलीच्या उंबऱ्यात, तिच्यादेखत.

पोरगा बरोबर होता. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून उभा आहे. आपल्याकडे पिणे ही मोकळीक नाही, ती परवान्याने मिळालेली सवलत आहे. परवाना एक दिवसाचा असतो, वर्षाचा असतो, हयातभराचाही असतो. घरपोच मालही परवानाधारकालाच द्यायचा होता. चुकीच्या हाती बाटली गेली, तर सरकार दुकानदाराचा गळा धरणार आणि दुकानदार पोराचा. तो माझा अपमान करत नव्हता, स्वतःची भाकरी सांभाळत होता.

जावई बाहेर आले, परवाना दाखवला. पिशवी उघडली तर आत ओले. एका बाटलीला तडा गेला होता. जावई म्हणाले, ही परत न्या. पोराचा चेहरा पडला. तो म्हणाला, "परत नेली तर माझ्याकडून कापतील." किती? त्याने आकडा सांगितला, तो त्याच्या दोन दिवसांच्या कमाईइतका होता. त्याच्या बोलण्याला आपल्या तावडीचे वळण होते, म्हणून गाव विचारले. जामनेर तालुक्यातला निघाला. एका हॉटेलात वाढप्याचे काम करी. हॉटेल बंद पडल्यावर फेरीमागे ठरावीक पैशांवर बाटल्या पोचवू लागला. बाटली दुकानात बांधताना तडकली, की रस्त्यावरच्या खड्ड्यात, हे त्याला ठाऊक नव्हते आणि कोणी विचारणारही नव्हते.

बंधूंनो, १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात स्पष्ट लिहिलेले होते की, कामगाराच्या स्वाधीन केलेल्या मालाचे नुकसान त्याच्याच हयगयीने झाले असेल तरच पगारातून कपात करता येते, आणि तीही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. आता त्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. ती नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यातही ही तरतूद कायम आहे. मग पोराचे पैसे कापले कसे जातात? तर तो 'कामगार' नाही म्हणून! दुकानदार म्हणतो, हा माझा नोकर नाही, फेरीवर पैसे घेतो. मोठ्या कंपन्यांनी याहून गोड शब्द काढला आहे, 'पार्टनर'. भागीदार! नफ्यात ज्याचा पैसा नाही आणि तोट्यात ज्याचा खिसा रिकामा होतो, असा भागीदार मी कोणत्याच पेढीच्या वहीत पाहिलेला नाही. हुंडेकऱ्याने भाडे ठेवून घेतले आणि जोखीम गाडीवानाच्या गळ्यात बांधली, असा हा प्रकार आहे.

अलीकडे थोडी हालचाल आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांचे नाव प्रथमच केंद्रीय कायद्यात आले. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी, मात्र ती या कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या पाच टक्क्यांपुढे जाऊ नये, असे तीत म्हटले आहे. राजस्थानने २०२३ साली स्वतंत्र कायदा केला. पण दर फेरीला किती पैसे मिळावेत आणि फुटलेल्या बाटलीचे पैसे कोणी भरावेत, याविषयी ही केंद्राची संहिता मुकी आहे. १९६९ चा माथाडी कायदा झाला तेव्हाही मालक म्हणत होते की, हमाल आमचा नोकर नाही, कारण तो दिवसातून दहा दुकानांत पोती उचलतो. कायद्याने मंडळ नेमले, नोंदणी केली, मजुरी मंडळात जमा करायला लावली. अनेक मालकांचा एक कामगार असू शकतो, हे महाराष्ट्राने तेव्हाच मान्य केले होते. आता ते नव्याने शिकायचे आहे असे सांगतात, त्याचे मला आश्चर्य वाटते.

उन्हाचेही सांगितले पाहिजे. वाईन उष्णतेने फुगते, बुचाला वर ढकलते, आणि तिची चव शिजल्यासारखी होते, असे त्यातले जाणकार सांगतात. आपल्या खानदेशात वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. नाशिकहून मनमाड, चाळीसगाव करत पेटी इथे येईपर्यंत तिचे काय होत असेल? चोखंदळ गृहस्थ म्हणतात, पेटी सावलीत ठेवत जा. वाईनला सावली हवी, हे सर्वांना पटते. त्याच उन्हात पेटी पाठीशी बांधून दुचाकीवर बसलेल्या माणसाला ती हवी, हे मात्र सांगावे लागते.

हा प्रश्न अमेरिकेतही आहे. तिथे वाईनची पेटी एकवीस वर्षांवरील माणसाच्या सहीशिवाय देता येत नाही. घरी कोणी नसेल तर चालकाला पेटी परत न्यावी लागते आणि पुन्हा हेलपाटा घालावा लागतो. पण यूपीएस नावाच्या कंपनीत या चालकांची संघटना आहे, टीमस्टर्स. १९०३ साली स्थापन झाली तेव्हा तिचे सभासद घोड्यांच्या जोड्या हाकणारे होते, नाव त्यावरूनच पडले. म्हणजे आपले गाडीवानच! १९९७ च्या ऑगस्टमध्ये या कंपनीतल्या सुमारे १,८५,००० कामगारांनी पंधरा दिवस संप केला. २०२३ च्या करारात त्यांनी असे पदरात पाडून घेतले की, १ जानेवारी २०२४ नंतर घेतलेल्या माल पोचवण्याच्या नव्या गाड्यांत गारव्याची यंत्रणा असली पाहिजे. तिथे चालकाला सावली मिळाली ती करारातून.

आपल्याकडे हे झालेले नाही, तोवर तुमची-आमची भूमिका काय? इथे मला जे म्हणायचे आहे ते नीट ऐका. कंपनीने मुकादम नेमायचे बंद केले आहे. मुकादमाचा पगार वाचला. त्याचे काम तिने बिनपगारी तुम्हा-आम्हाला दिले आहे. फोनवर पाच चांदण्या येतात, त्यांतल्या किती द्यायच्या ते तुम्ही ठरवता. तुम्ही चहा पिता पिता एक चांदणी कमी करता. तिकडे त्या चांदण्यांवर त्याला पुढचे काम मिळायचे की नाही हे ठरते. पूर्वी मुकादम हजेरी मांडी, त्याच्याशी भांडता तरी येत असे. तुमच्याशी तो भांडू शकत नाही, कारण तुम्ही मुकादम आहात हे तुम्हालाच ठाऊक नाही. त्या दिवशी मला तरी कुठे ठाऊक होते?

तेव्हा मागवणाऱ्यांना माझे सांगणे साधे आहे. परवाना ज्याच्या नावावर, त्याने त्या वेळी घरी असावे आणि कागद हाताशी ठेवावा. शेजाऱ्याकडे ठेवून जा, वॉचमनला दे, असे म्हणू नये. तो तुमच्या सोयीसाठी गुन्हा करायला बांधलेला नाही. पत्ता लिहिताना खूण लिहावी. मारुतीच्या देवळामागे म्हणजे कोणत्या मारुतीच्या, हेही लिहावे, पाचोऱ्यात ते आवश्यक आहे. पेटी त्याच्यासमोर उघडावी. बाटली फुटलेली असेल तर पावतीवर तसे लिहावे, आणि तक्रार पाठवणाऱ्या पेढीकडे करावी, माणसाविरुद्ध नव्हे. उन्हाळ्यात मागवायचेच असेल तर सकाळची वेळ घ्यावी. माठातले पाणी द्यावे. बाटली उघडून एखादा घोट मात्र देऊ नये, त्याला गाडी चालवायची असते. हा प्रेमळपणा करणारे लोकही मी पाहिले आहेत. बक्षिसीबद्दल माझे मन दुभंगलेले आहे. द्यावी, पण मजुरीचा प्रश्न तिने सुटला असे समजू नये. आणि रविवारी रात्री अकराला मागवताना एवढे आठवावे की, रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सहा-सात वर्षांच्या झगड्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना मिळवून दिली. या पोरांच्या वाट्याला ती आलेली नाही. रविवार हाच त्यांचा सर्वांत राबण्याचा दिवस.

त्या तडकलेल्या बाटलीचे काय झाले, असे काहींच्या मनात असेल. जावयांनी ती ठेवून घेतली. पावतीवर लिहिले, "बाटली बांधणीत तडकलेली, आणणाऱ्याचा दोष नाही," आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराला फोन केला. त्याने ऐकून घेतले, हो म्हणाला, पुढे काही कळवले नाही. पोराचे पैसे कापले गेले की नाही, हे मला खात्रीने सांगता येत नाही, कारण महिन्याभराने तो पुन्हा आला तेव्हा मी ते विचारले आणि तो नुसता हसला. त्या वेळीही दार मीच उघडले होते. त्याने काही म्हणायच्या आत मी आत वळून हाक मारली, "जावईबापू, परवाना घेऊन या."