बक्षीस मिळाल्यानंतरची सकाळ
(रेडिओवरील भाषण)

आपल्या सोलापूर जिल्ह्यात गुड मॉर्निंग पथक म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. पहाटेचा अंधार, शिट्टी, टॉर्चचा झोत आणि टमरेल घेऊन निघालेल्या माणसाच्या हातात गुलाबाचं फूल! पुन्हा सापडला, तर पोलीस कायद्याची कलमं 115-117 आणि 1,200 रुपयांपर्यंत दंड. घरी संडास बांधला, तर 12,000 रुपये अनुदान.

दंडाची आच आणि अनुदानाचं पाणी. भाकरी अशीच होते की नाही? आच हवीच. पण तव्यावर टाकल्याबरोबर वरून पाण्याचा हातही फिरवावा लागतो. उशीर झाला, की तडकलीच. आपल्याकडे दंड जागच्या जागी, अनुदान मात्र बांधून झाल्यावर, फोटो-कागद-पासबुक जमल्यावर. सिमेंट उधारीवर आणलेल्या बाईनं तोवर दुकानदाराची बोलणी खायची.

आणि भाकरी टम्म फुगली म्हणून तव्यापासून उठून गेलात, तर करपणारच! 2000-01 साली तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. आबांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, तेव्हा बक्षिसासाठी का होईना, गावंच्या गावं झाडू घेऊन उतरली. पुढं केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला, त्यातही महाराष्ट्र आघाडीवर. सरपंचांचे फोटो पंचायतीत लागले. नंतर? कित्येक संडासांत गोवऱ्या भरल्या, सरपण रचलं. तपासणीची समिती येऊन गेली, बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला कोण होतं? पुन्हा विचारतो, कारण हेच निसटतं: बक्षीस मिळाल्यानंतरच्या सकाळी कोण बघतं?

ज्यांच्या नावानं ही स्पर्धा, ते गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा चालवायचे, कीर्तन रात्री. बक्षीस नाही, दंड नाही. कीर्तनात खरडपट्टी मात्र भरपूर. आपण त्यांचं नाव घेतलं आणि वर गुणपत्रिका जोडली!

आता पाण्याचं. एप्रिल-मेमध्ये टँकरपुढं रांग लावून जिनं घागर भरली, तिला त्यातली बादलीभर संडासात ओतायला सांगायचं, तर तिथं फूल काय करणार आणि दंड तरी... असो, काचेपलीकडून वेळ झाल्याची खूण होते आहे. हा विषय पाच मिनिटांचा नव्हेच. सरपंच मंडळी, निदान शाळेतल्या संडासाची किल्ली कुणाकडं असते, तेवढं उद्या विचारून घ्या. पाहुणे येणार म्हटल्यावरच ते कुलूप उघडतं, हे पोरांना चांगलं ठाऊक आहे.