भिंतीचे निदान

सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या घाटापासून पायी पाच मिनिटांवर, माझ्या आजोबांचा वाडा आहे. काळ्या दगडाचे जोते, पक्क्या विटांच्या जाड भिंती, सागवानी खांब, मधे चौक आणि मागे परसात पांढऱ्या मातीची एक खोली. आजी गेल्यावर तो दहा-बारा वर्षे बंदच होता. मी आयुर्वेदाची डॉक्टर. पुण्यात दुसऱ्यांच्या दवाखान्यांतून चौदा वर्षे पंचकर्म केले आणि २०१८ साली ठरवले, की आता आपले स्वतःचे केंद्र काढायचे, आणि ते या वाड्यातच. तेल, शेक, योगासने, पथ्याचे जेवण, सगळे एका छपराखाली. पाटीवर लिहायला नावही तयार होते, 'वेलनेस सेंटर'.

आईचा याला साफ विरोध होता. "वाडा विकून टाका आणि विश्रामबागेत फ्लॅट घे," असे तिचे म्हणणे. वाड्याला वारस तिघी बहिणी. नागपूरच्या मावशीची संमती कागदावर यायलाच चार महिने गेले. एका बँकेने, जुन्या बांधकामावर कर्ज देत नाही, असे तोंडावर सांगितले. शेवटी एका सहकारी बँकेने आमचे दुसरे घर तारण घेऊन पैसे दिले. म्हणजे काम फसले असते, तर आई ज्या घरात राहत होती तेच गेले असते.

आणि पहिली चूक मी लगेचच केली. भिंतींना खालून ओल होती, गिलाव्याला लोणा धरला होता. ठेकेदार म्हणाला, छातीपर्यंत सिमेंटचा गिलावा करू, वर ऑइल पेंट मारू, चकाचक होईल. झालेही चकाचक. सोप्यातल्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर गेरूची एक आडवी रेघ होती. आजीने कधीतरी ओढलेली. ती रेघही त्या गिलाव्याखाली गेली. मला तेव्हा तिचे काही वाटले नाही.

पावसाळा आला आणि रंगाला फोड आले. ओल आधी गुडघ्यापर्यंत होती, ती आता सिमेंटच्या वरून, डोक्याच्या उंचीवर दिसू लागली. एका तुळईच्या टोकाला बोट लावले, तर ते आत गेले. भिंतीच्या ओलीवर पोसलेली वाळवी आतून लाकूड खात होती. ठेकेदार उचल घेऊन गेला तो पुन्हा फिरकला नाही. फोन लावला की तो 'बाहेरगावी' असायचा.

मग कोणीतरी एका म्हाताऱ्या गवंड्याचे नाव सांगितले. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्याने भिंतीवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाला, "डाक्टरीणबाई, भिंतीला सर्दी झालीया आन् तुम्ही तिला रेनकोट घातलाय." मला राग आला, पण गोष्ट खरी होती. जमिनीतली ओल विटांतून वर चढतेच. चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर पडते, वाऱ्यावर उडून जाते. सिमेंट आणि ऑइल पेंट तिची वाट अडवतात. मग ती वर चढते, आत मुरते, लाकडाला गाठते. त्वचेचा विकार दाबला की तो जातो असे नाही, हे मी पेशंटना रोज सांगत होते. घराच्या बाबतीत मात्र दाबून मोकळी झाले होते.

आयुर्वेदात 'निदान परिवर्जन' असा एक शब्द आहे. रोगाचे जे कारण, ते आधी टाळा, औषध नंतर. आम्ही सगळे सिमेंट छिन्नीने काढले. करायला लागले होते त्याच्या दीडपट दिवस काढायला लागले. चुन्याच्या कळ्या विरवून महिनाभर पाण्याखाली मुरवल्या. त्यात वाळू, गुळाचे पाणी, हिरड्याचा आणि बेलफळाचा काढा. एक थर दिला की थांबायचे, पाणी मारायचे, मग दुसरा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत दगडासारखा होतो, त्याला घाई चालत नाही. कुजलेली तुळई बदलली. वाफ देण्याची खोली आत घेणार होते, ती परसात हलवली, कारण जुन्या घरात रोज वाफ कोंडणे म्हणजे वाळवीला आमंत्रण. पैसे संपत आल्यामुळे परसातल्या मातीच्या खोलीचे सिमेंट तेवढे तसेच ठेवले. जुलै २०१९ मध्ये काम संपले. गणपतीनंतर उद्घाटन करायचे ठरले.

गणपती यायच्या आधी कृष्णामाई आली. सांगलीत पाणी किती, ते आयर्विन पुलावरून सांगतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. आमच्या सोप्यात ते छातीपर्यंत होते आणि आठवडाभर हलले नाही. पाणी ओसरल्यावर आत गेले, तेव्हा प्लायवूडची कपाटे फुगून उघडत नव्हती, तेलाचे डबे चौकात तरंगून एका कोपऱ्याला लागले होते आणि सगळीकडे घोटाभर गाळ. मी पायरीवर बसून रडू लागले. विरोध करणारी आई खराटा घेऊन आली. म्हणाली, "आधी गाळ काढ. ओला आहे तोवर निघतो, वाळला की कुदळ लागेल. रडायचं ते नंतर."

चार दिवस आम्ही गाळ काढला. परसातली मातीची खोली कोसळली होती. गवंडीमामा म्हणाले, तिथे चुना असता तरी ती पडलीच असती, पाण्यात माती किती दिवस उभी राहणार? पण पुढच्या पक्क्या भिंती उभ्या होत्या. गिलावा काही ठिकाणी सुटला, बाकीचा धुतला आणि दिवाळीनंतर हळूहळू कोरडा झाला.

भिंत धुताना गेरूची ती रेघ आठवली. आईला विचारले. ती म्हणाली, "अगं, २००५ च्या पुराची खूण ती. आजीने स्वतः ओढली होती." माझ्याकडे कोणीही पेशंट आला, की मी पहिला प्रश्न विचारते, पूर्वी काही मोठा आजार झाला होता का? या घराने आपला आजार भिंतीवर लिहून ठेवला होता आणि मी न वाचता त्याच्यावर रंग मारला होता.

पूर ही नदीची गोष्ट, ती काही मला टाळता येणार नव्हती. पण पुरात बुडतील अशा वस्तू खाली ठेवणे, हे कारण माझ्या हातातले होते. म्हणून सगळी मांडणी नव्याने केली. विजेचा मीटर माडीवर नेला, तारा वरून खाली आणल्या, बटणे खांद्याच्या वर. खाली प्लायवूड नाही, फरशी शहाबादी. औषधे आणि कागदपत्रे माडीवर. मालिशची टेबले अशी, की चार खिळ्या काढल्या की दोघींनी उचलून वर न्यावीत. परसातली वाफेची खोली पुन्हा बांधली, या वेळी दगड-विटांची.

उद्घाटनाला गुढीपाडव्याचा मुहूर्त धरला. २५ मार्च २०२०. आदल्या रात्री देशभर लॉकडाऊन जाहीर झाला. सकाळी आईने आणि मी दोघींनीच दारात गुढी उभारली. त्या उन्हाळ्यात वाड्याला गिऱ्हाईक आले, आणि विसार घ्यायचा दिवसही मी ठरवला. हप्त्यांना काही महिने सवलत होती, पण व्याज थांबलेले नव्हते. मी शिकवून तयार केलेल्या दोन मुली पगाराविना घरी बसल्या होत्या. त्यांतली एक फोनवर म्हणाली, "मॅडम, आसनं तर फोनवरनं शिकवता येतील की." दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला आम्ही मोबाइल खांबाला टेकवून वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी पाचजण होते. महिन्याअखेर त्या दोघींचा अर्धा पगार निघाला. विसार मी घेतला नाही. दार प्रत्यक्षात उघडले ते जानेवारी २०२१ मध्ये, पाहुण्यांविना, फीत न कापता.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. या वेळी आम्ही दुपारी सामान हलवायला सुरुवात केली आणि दिवेलागणीला खाली फक्त भिंती, खांब आणि फरशी उरली. पाणी गुडघ्याच्या वर आले, चार दिवस राहिले, गेले. ओला आहे तोवर गाळ काढला, भिंती धुतल्या, दारे-खिडक्या उघड्या टाकल्या. महिन्याच्या आत पहिला पेशंट टेबलावर होता. गेल्या खेपेला हेच व्हायला दीड वर्ष लागले होते.

पाटीवर अजून 'वेलनेस सेंटर' आहे, पण गल्लीत त्याला 'तेलाचा वाडा' म्हणतात. कर्ज फिटलेले नाही, दोन वर्षांचे हप्ते बाकी आहेत. तुमच्यापैकी कोणी जुने घर दुरुस्त करून त्यात काही सुरू करायचे म्हणत असाल, तर माझी एकच विनंती आहे. रंगाचा डबा आणण्याआधी एक पावसाळा त्या घरात राहून बघा. ओल कुठून येते, पाणी कुठवर येते, हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. अडचणी त्याने टळत नाहीत, पण तीच अडचण दुसऱ्यांदा आली, तर ती ओळखीची असते.

आमच्या सोप्यात आता गेरूच्या तीन रेघा आहेत. आजीची वीतभर उंचीवर होती, ती आईने आठवणीने पुन्हा काढली. २०१९ ची छातीपाशी, २०२१ ची गुडघ्याच्या वर. नवा पेशंट आला की हमखास विचारतो, ही नक्षी कसली? मी त्याला सांगते, हे आमच्या घराचे केसपेपर आहेत. आणि मग त्याला विचारते, तुम्हांला पूर्वी काय काय झाले होते?